म्हैस घरी येते ते गाणं

कुंभिवलीच्या नाक्यावर चाक पंक्चर झालं, तर माणसाला घाई असून चालत नसे. तेव्हा तिथं टायरवाला तो एकच होता, आणि गाणं चालू असलं की तो कामाला हात लावत नसे. ट्रकवाले हॉर्न मारत, मोटारीतले साहेब घड्याळ दाखवत. हा टॉमी मांडीवर आडवी ठेवून डोळे मिटून बसलेला. टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पहार. गाणं संपलं की उठायचा आणि काहीच झालं नाही अशा आवाजात विचारायचा, "हां, बोला. कुठलं चाक?"

कुणी फारच आरडाओरडा केला तर उत्तर ठरलेलं होतं. "गाणं मधेच तोडू नये. पाप हाय. तुमी जेवताना कुणी ताट उचललं तर चालंल का?"

माझी चहाची टपरी त्याच्या दुकानाला लागून. आमच्यामध्ये एक पत्रा. त्यामुळे त्याची गाणी मला ऐकावीच लागायची. कानात बोटं घालून भजी तळता येत नाहीत. मी चौथी शिकले. गाण्यातलं मला फार कळत नाही, पण कटकट कशाला म्हणतात ते कळतं.

तो गेल्या वर्षी गेला. चांगला माणूस होता असं सगळे म्हणतात. मेल्यावर म्हणतातच. मी म्हणते, विचित्र होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्याला काहीही दिसलं की वाजवून बघायची सवय होती. ट्रकच्या टायरवर हातोडी मारली की आत हवा किती आहे ते आवाजावरून कळतं, हे सगळेच टायरवाले करतात. पण हा माझी किटली वाजवायचा, कढई वाजवायचा, पंचायतीचं नवं ऑफिस झालं तर त्याचे खांब वाजवून आला आणि म्हणाला, "आतून पोकळ हाय, मावशे." एकदा निवडणुकीतला एक उमेदवार हात जोडून आमच्या नाक्यावर आला. याने हात जोडले नाहीत. त्याच्या गाडीच्या चारी चाकांवर हातोडी मारत फिरला आणि म्हणाला, "साहेब, हवा कमी हाय." साहेब पडले.

गाणी त्याची इंग्रजी. रॉक म्हणतात त्याला. ढोल बडवल्यासारखे ड्रम, गिटारीचं किंचाळणं, आणि माणूस ओरडतोय. मी त्याला धिंगाणा म्हणायचे. एकच कॅसेट होती. कुणा गाडीवाल्याची राहून गेलेली. वरचं नाव ग्रीसच्या बोटांनी केव्हाच पुसलेलं, त्यामुळे गाणारा कोण हे त्यालाही माहीत नव्हतं. पुढे मोबाइल आले. एका ड्रायव्हरने मोबाइलमध्ये शोधून पाहिलं, तर सापडेना.

इंग्रजीचं त्याला अक्षर येत नव्हतं, पण प्रत्येक गाण्याचा अर्थ तो छातीठोक सांगायचा. हे गाणं भावाभावांच्या भांडणाचं. हे गाणं ज्याला रात्री झोप येत नाही त्याचं. आणि पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे त्याचा जीव. "ह्यो माणूस हाय ना मावशे, त्याची म्हैस हारवलीय. तो रानारानात तिला हाका मारतोय."

"तुला कसं कळलं म्हैस म्हणून? बायको असंल."

"बायकोला कोण एवढ्या हाका मारतो?"

त्या गाण्याचा शेवट मात्र कॅसेटवर नव्हता. एकदा उन्हाळ्यात टेपरेकॉर्डर तापला आणि त्याने पट्टी खाल्ली. याने चुरगळलेला तुकडा कापून टाकला आणि उरलेली पट्टी पंक्चरचं सोल्युशन लावून जोडली. तेव्हापासून तो माणूस हाका मारत मारत ऐन वरच्या सुरात जायचा आणि एकदम कर्रर्र. पुढं काही नाही. म्हैस सापडली की नाही, देवाला ठाऊक.

ज्याला गाणं मधे तोडणं पाप वाटतं त्याच्या नशिबी हे. मग त्याने स्वतःच शेवट लावला. कर्रर्र झालं की हा हातोडी उचलायचा आणि टांगलेल्या जुन्या रिंगवर तीनदा हाणायचा. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. "ही तिच्या गळ्यातली घंटा," तो म्हणायचा. "आली घरी."

वर्षानुवर्षं रोज ही म्हैस घरी यायची. माझं डोकं उठायचं. कुणी सांगितलं, पुन्हा लाव, तर मात्र तो लावायचा नाही. "जोड नाजूक हाय. मागं फिरवली तर तुटंल. दुसरी बाजू वाजून आपोआप फिरंल तेवढीच. दिवसातून एकदाच."

इंग्रजी गाण्यांचं वेड होतं म्हणून भजनं सोडत होता असं नाही. तालुक्यात कुठंही डबलबारी असो, हा हजर. डबलबारी म्हणजे दोन बुवा, दोघांची दोन मंडळं, एकाच मांडवात. पहिल्या बुवाने आपली बारी गायची, मग दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचं. आता दुसऱ्या बुवाची माणसं काय करतात, तर पहिल्याला पाडायला त्याच्या बारीला उठून वडे खायला जातात. याला त्याचा फार राग. "पयली बारी ज्यानं ऐकली नाय, त्याला दुसरीचा अधिकार नाय," असं त्याचं म्हणणं.

त्याची सासुरवाडी पोशीरची. तिथं उत्सवाला डबलबारी होती आणि पहिला बुवा कुठला तरी नवखा होता. लोक उठायला लागले. हा टॉमी घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभा. "बसा. बारी संपल्याबिगर कुणी जायचं नाय." जावई म्हटल्यावर कोण हात लावणार? शेवटी खुद्द सासरा उठला. म्हणाला, "अरं, मला लघवीला जायचंय."

"मामा, धरून ठेवा. बुवाचा गजर चाललाय."

सासऱ्याने धरून ठेवली. टायरवाल्याच्या बायकोने पुढे महिनाभर त्याच्याशी अबोला धरला, पण तो नवखा बुवा दर वर्षी दिवाळीला त्याच्या दुकानात नारळ आणून ठेवत असे.

आता पुण्याचं सांगते. त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे.

एका दुपारी एक काळी व्हॅन लंगडत आमच्याकडे आली. आतून पाच जण उतरले. सगळे माझ्या टायरवाल्याच्या वयाचे, म्हणजे साठीच्या आसपास, पण कपडे कॉलेजातल्या पोरांचे. एकाने पांढरे केस मागे शेपटीसारखे बांधलेले. नेमकं तेव्हा म्हशीचं गाणं चालू होतं. शेपटीवाला दोन पावलं चालला आणि थांबला. डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला.

"ही कॅसेट तुम्हाला कुठं मिळाली?"

"गप ऱ्हावा. गाणं चाललंय."

"अहो, पण हे..."

"सांगितलं ना एकदा."

पाचही जण उन्हात गप उभे राहिले. गाणं वर चढलं, कर्रर्र झालं, याने तीन ठोके हाणले आणि उठला. "हां, बोला. कुठलं चाक?"

शेपटीवाला म्हणाला, "हा आवाज माझा आहे."

"बरं," टायरवाला म्हणाला. "परवा एक ट्रकवाला सांगत होता, तो राजाच्या घराण्यातला हाय."

बाकीचे चौघे इतके हसले की एकाला माझ्या बाकड्यावर बसावं लागलं. मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्यांचा बँड होता. ही एकच कॅसेट काढली. मग कुणी नोकरीला लागलं, कुणी परदेशी गेलं. आता इतक्या वर्षांनी पुन्हा जमले होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्यातल्या एका जुन्या थेटरात वाजवणार होते. एकदाच. परत नाही.

टायरवाल्याने सगळं ऐकलं आणि टॉमी खाली ठेवली. "तुमचाच आवाज ना? मग पुढं काय ते म्हणा. म्हैस सापडली का नाय?"

"म्हैस?" शेपटीवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"मला विचारू नका," मी म्हटलं. "माझी भजी जळतायत."

शेपटीवाल्याने खाकरून घसा साफ केला, तेवढ्यात दोन ट्रेलर धडधडत गेले. तो म्हणाला, "इथं नाही. उद्या या. तिथं शेवटापर्यंत ऐका." आणि दोन पास काढून दिले. टायरवाल्याने पास घेण्याआधी साबणाने हात धुतले. तसे हात धुताना मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं, जेवायच्या आधीसुद्धा.

बायको म्हणाली, "पोशीरला इज्जत घालवलीत तेवढी पुरे. मी येत नाय." मग तो पत्र्याआडून मला म्हणाला, "मावशे, तू चल. तुला वाईटाला वाईट म्हणता येतं. शेवट चांगला हाय का वाईट, साक्षीला कुणीतरी पायजे."

मी गेले. म्हटलं, एकदाचा त्या गाण्याचा निकाल लागू दे. वाशीच्या मार्केटमध्ये भाजी उतरवून एक टेंपो रिकामा पुण्याला परत चालला होता, त्याच्या केबिनमध्ये बसून घाट चढलो. खंडाळा येईपर्यंत टायरवाला पास काढून काढून बघत होता. मग म्हणाला, "नाय सापडली तर?"

"तर नाय सापडली. तुझी म्हैस हाय का ती?"

थेटर दगडी होतं, आमच्या आजोबांच्या वेळचं. आत लाकडी खुर्च्या, वर लोखंडी नक्षीचा सज्जा, भिंतींवर जुन्या नटांच्या तसबिरी. निम्म्या तसबिरींतल्या बायका म्हणजे पुरुषच होते. दारात काळ्या टीशर्टातल्या एका दांडगट पोराने याची पिशवी तपासली. आत टॉमी.

"काका, हे काय?"

"टॉमी."

"कशाला?"

"असावी."

टॉमी दाराशीच ठेवून घेतली. बाहेर कागद लावला होता, त्याच्यावर दोन बँडची नावं असल्याचं त्या पोरानेच सांगितलं. एक मोठ्या अक्षरात, एक बारीक. ती बारीक नाववाली पोरं आधी वाजवणार होती. टायरवाल्याचा चेहरा उजळला. "मावशे, डबलबारी हाय!" मलाही तसंच वाटलं. दोन मंडळं, एक आधी, एक मागून. आणखी काय असतं दुसरं?

आमच्या पुढच्या रांगेत माझ्याहून थकलेली एक बाई काठी घेऊन बसली होती. नऊवारी, नाकात नथ. मागे वळून म्हणाली, "मला नातवाने आणलंय. माझे वडील इथं पेटीला असायचे. एकेका पदाला लोक वन्स मोअर द्यायचे, पहाट व्हायची."

"आता नाय देत?" टायरवाल्याने विचारलं.

"आता कोण देणार?"

पहिली बारी सुरू झाली. चार पोरं. गाणारी एक मुलगी, केस बारीक कापलेले, गळ्यात गिटार. लोक काय करत होते? स्टेजकडे पाठ करून बसले होते. मोबाइल बघत होते, मोठ्याने गप्पा मारत होते, दारातून आत-बाहेर करत होते. आमच्या समोरूनच चार जण बटाटेवड्यांच्या बश्या घेऊन गेले. वडे बघितले आणि मी ओळखलं, आता हा काही गप बसत नाही.

खरं सांगते, मला ते गाणं काही विशेष वाटलं नाही. आवाज मोठा आणि चाल एकच. पण ती मुलगी जीव तोडून गात होती, एवढं दिसत होतं. गाणं संपल्यावर इकडून तिकडून पाच-दहा टाळ्या आल्या. ती म्हणाली, "सॉरी, आमचं झालंच आहे. तुम्ही ज्यांच्यासाठी आलात ते आता येतीलच."

टायरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "माफी मागती ती. मावशे, गाणारी माफी मागती!"

आणि उठून उभा राहिला. हायवेवर समोरच्या बाजूच्या ट्रकवाल्याला हाक मारतो तसा ओरडला, "वन्स मोअर!"

सगळं थेटर हसलं. मुलगी वायर काढत होती, ती तशीच थांबली. काळ्या टीशर्टवाला पोरगा धावत आला. "काका, खाली बसा. पुन्हा ओरडलात तर बाहेर काढीन."

"त्यांना काढ. पाठ करून बसलेत."

"काका, शेवटचं सांगतोय. बाहेर काढलं की परत आत घेणार नाही."

मी त्याचा शर्ट ओढला. "अरं बस मेल्या. एवढा घाट चढून आलास. तुझ्या गाण्याचा शेवट ऱ्हाईल."

 त्याला कळत नव्हतं असं नाही. रोज त्या कर्रर्रपाशी अडकलेला माणूस तो; आज नाही तर कधीच नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याने खुर्चीच्या दांड्यावर हात टेकला. मला वाटलं, बसतोय.

"ऱ्हाईल तर ऱ्हाईल," तो म्हणाला, आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडला, "वन्स मोअर!"

पोराने त्याचा दंड धरला. मी ओरडले नाही. मला गाणं आवडलं नव्हतं, आणि न आवडलेल्याला मी वन्स मोअर देत नाही. पण उठले आणि त्या पोराचं मनगट पकडलं. म्हटलं, "बाळा, मला बाथरूमला जायचंय."

"आजी, एक मिनिट."

"एक मिनिट माझ्याकडं नाय."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, खालच्या गालिच्याकडे पाहिलं, आणि टायरवाल्याचा दंड सोडून दिला. मला हाताला धरून बाहेर नेलं. खोटं बोलले नव्हते मी. घाटापासून लागली होती.

त्यामुळे पुढचं मी दाराच्या पलीकडून ऐकलं. आधी टायरवाल्याचाच आवाज, तिसऱ्यांदा. मग ठक ठक ठक, लाकडावर काठी. आणि एक चिरका, जुना, स्वच्छ आवाज: "वन्स मोअर!" ती नथवाली. मग सज्ज्यातून कुणीतरी, थट्टेत. मग आणखी दोघं, तेही थट्टेत. मग थट्टा कुठं संपली ते कळलं नाही. सगळं थेटर एका आवाजात मागायला लागलं, पाय आपटायला लागलं, भिंतीवरच्या तसबिरी हादरल्या. माझा हात धरलेला तो पोरगा म्हणाला, "आयला!"

"शिव्या देऊ नको," मी म्हटलं. "बाथरूम कुठं हाय?"

परत आले तर ती मुलगी तेच गाणं पुन्हा म्हणत होती. तेच गाणं, पण आता ती आमच्या छातीवर पाय देऊन उभी असल्यासारखी म्हणत होती. वड्याच्या बश्या खुर्चीखाली गेल्या होत्या. एकही पाठ दिसत नव्हती. टायरवाला उभाच होता, दोन्ही मुठी वर. संपल्यावर जो कडकडाट झाला तसा मी पोशीरला, कर्जतला, कुठंच ऐकला नाही. मुलगी वाकून नमस्कार करायचं विसरली. नुसती आमच्या रांगेकडे बोट दाखवत राहिली. काळ्या टीशर्टवाल्या पोराने टायरवाल्याला बाहेर काढलं नाही. कुणाकुणाला काढणार? तोही टाळ्या वाजवत होता.

मग दुसरी बारी. शेपटीवाला आला. येताच त्या पोरांना म्हणाला, "आमच्या आधी एवढी टाळी घेऊन ठेवलीत, आता आम्ही काय करायचं?" पण चांगलं गायले. म्हशीचं गाणं सगळ्यात शेवटी घेतलं. टायरवाला खाली बसला, हात गुडघ्यांवर ठेवले. गाणं चढत चढत त्या जागी आलं, आणि त्याचा उजवा हात आपोआप वर उठला. हातात हातोडी नव्हती. हात तसाच हवेत राहिला आणि गाणं पुढं गेलं. पुढं, आणखी पुढं. बराच वेळ चाललं, हळू हळू बारीक होत गेलं आणि विझलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. याने वन्स मोअर दिला नाही.

दाराशी टॉमी परत घेतली. नथवालीने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या मुलीने पळत येऊन त्याचे पाय धरले तर हा म्हणाला, "पुढच्या टायमाला माफी मागू नको." मग फ्लॉवरच्या गोण्या भरलेला एक टेंपो खाली उतरत होता, त्यात बसलो.

खोपोली येईपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "सापडली का म्हैस?"

"नाय सापडली."

"मग?"

"नुसता रानात जातोय. हाका मारत मारत लांब जातोय. म्हैस येतच नाय."  मग टॉमी मांडीवर आडवी ठेवली आणि ऐटीत मागं टेकला. "मावशे, माझा शेवट बरा हाय."

मला साक्षीला नेलं होतं. मी म्हटलं, "बरा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॅसेट लावली. एक ट्रक चाक बसलेलं घेऊन उभा होता, ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसला होता. गाणं चढलं, कर्रर्र झालं. ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

मी झारा कढईत ठेवला, पत्र्यापाशी गेले आणि ओरडले, "वन्स मोअर!"

पत्र्याआड हातोडी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग त्याचं डोकं बाहेर आलं. माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा करत नाही ना ते बघितलं. आत गेला. कॅसेट बाहेर काढली, बॉलपेन घातलं आणि एका एका आट्याने, जोड सांभाळत, पट्टी मागे फिरवायला लागला.

"ओ भाई, टायर!" ड्रायव्हर ओरडला.

"थांबा," टायरवाला म्हणाला. "वन्स मोअर आलाय."

ड्रायव्हर थांबला. न थांबून जातो कुठं, चाक बसलेलं होतं. माझी भजी जळली ती जळली. त्या दिवशी म्हैस दोनदा घरी आली.